आघाडीच्या फळीतील वीर

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. त्यातील चेंडू नारळासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन धावता येते, फेकताही येतो. आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्यावर झेप घालून त्यास खाली पाडणे, हाही त्या खेळाचाच एक भाग असतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. त्यांतील काही गडी अगदी पुढे, एका फळीत, प्रतिपक्षाच्या समोर उभे राहतात. चेंडू घेऊन धावणे हे सहसा त्यांचे काम नव्हे. आपल्या गड्यास वाट मोकळी करून द्यावयाची व प्रतिपक्षाची वाट अडवावयाची, हे त्यांचे काम. गुण बहुधा दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. धक्के मात्र यांच्या वाट्यास येतात. मुलांनो, अशाच आघाडीच्या फळीतील एका तरुणाची ही कथा आहे.

जॅक ट्राइस याचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातील हायरम या लहानशा गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याचे पितृछत्र लहानपणीच हरपले. आईने त्यास शिक्षणासाठी क्लीव्हलंड शहरी नातलगांकडे पाठविले. तेथील ईस्ट टेक्निकल हायस्कूलच्या संघात तो आघाडीच्या फळीत खेळू लागला. अंगाने धिप्पाड असूनही तो चपळ होता आणि आपले काम मन लावून करी. त्या शाळेचे क्रीडाशिक्षक सॅम विलमन यांनी त्याचे गुण हेरले. १९२२ साली विलमन आयोवा राज्यातील एम्स येथील महाविद्यालयात मार्गदर्शक म्हणून गेले, तेव्हा जॅक आणि त्याचे काही शाळासोबतीही त्यांच्या पाठोपाठ तेथे दाखल झाले.

‘एक होता कार्व्हर’ या मराठी पुस्तकामुळे आपल्याला परिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. जॅकने पशुसंवर्धन हा विषय घेतला. शिक्षण पुरे करून दक्षिणेकडे जावे व तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या उपयोगी पडावे, अशी त्याची मनीषा होती. शिकता शिकता तो पोटासाठी कामही करी.

त्या काळी अमेरिकेत वर्णभेद फार कडक होता. संघात कृष्णवर्णीय खेळाडू असल्यास काही महाविद्यालये त्या संघाशी खेळण्यासच नकार देत. जॅक हा आपल्या महाविद्यालयाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो चुकला तर ती चूक त्याच्या एकट्याची मानली जाणार नव्हती, हे तो पुरतेपणी जाणून होता.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनीआपोलिस येथे मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाशी सामना ठरला होता. आदल्या रात्री जॅकने हॉटेलातील कागदावर स्वतःसाठीच काही ओळी लिहून ठेवल्या. आपल्या समाजाची, कुटुंबाची व स्वतःची प्रतिष्ठा उद्या पणास लागली आहे; तेव्हा तनमन ओतून खेळावयाचे आणि प्रत्येक वेळी वाट्यास आलेल्या कामाहून काही अधिक करावयाचे, असा त्यांचा आशय होता.

सामना सुरू होताच, अगदी आरंभीच्या झटापटीत, जॅकच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तरीही तो मैदान सोडावयास तयार होईना. उत्तरार्धात प्रतिपक्षाची चाल रोखण्यासाठी त्याने धावत्या गड्यांपुढे स्वतःस झोकून दिले. तो उताणा पडला आणि अनेकांच्या पायांखाली तुडविला गेला. हे बुद्धिपुरस्सर घडले की खेळाच्या भरात, याविषयी आजही मतभेद आहेत. त्याचा संघ १७ विरुद्ध २० गुणांनी हरला. जॅकला आगगाडीने एम्सला परत आणले. परंतु आतील जखमा जीवघेण्या होत्या. ८ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्याची प्राणज्योत मालवली.

त्याच्या कोटाच्या खिशात ते पत्र सापडले. हजारो विद्यार्थ्यांच्या शोकसभेत ते वाचून दाखविण्यात आले. मुलाला मिळालेल्या मानाचा आपणास अभिमान वाटतो. पण आपले म्हणावे असा तोच एक होता, आणि आता आपण वृद्ध व एकाकी आहोत, असे त्याच्या आईने महाविद्यालयाच्या अध्यक्षांस कळविले. मुलांनो, मोठमोठ्या सन्मानांनीही भरून न निघणारी अशी ही हानी होती.

पुढे व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याच्या स्मरणार्थ एक पाटी बसविण्यात आली. वर्षे लोटली, पाटीवर धूळ साचली आणि जॅकचा विसर पडला. १९५७ साली एका विद्यार्थ्याची नजर त्या पाटीवर गेली. त्याने चौकशी करून जॅकची हकीकत लिहिली. पुढे १९७० नंतरच्या काळात एका वर्गातील मुलांनी जुने कागद धुंडाळून ती कथा पुन्हा उजेडात आणली. नव्या क्रीडांगणास जॅकचेच नाव द्यावे, अशी मागणी विद्यार्थ्यांनी केली. एकामागून एक विद्यार्थी शिकून बाहेर पडले, तरी मागणी काही थांबली नाही. विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने त्याचा पुतळाही उभा राहिला. अखेर १९९७ साली त्या भव्य क्रीडांगणास ‘जॅक ट्राइस स्टेडियम’ हे नाव देण्यात आले.

जॅक त्या महाविद्यालयाच्या मुख्य संघातून फार दिवस खेळला नाही. फळीतील खेळाडूने दुसऱ्यासाठी वाट मोकळी करावयाची असते. जॅकने ती मैदानावर केली, आणि मैदानाबाहेरही केली. मात्र त्याची स्मृती राखली ती त्याला कधीही न पाहिलेल्या मुलांनी.

स्वाध्याय

१. आघाडीच्या फळीतील खेळाडूचे काम कोणते?
२. सामन्याच्या आदल्या रात्री जॅकने काय लिहिले? का?
३. ‘जॅकने मैदानाबाहेरही वाट मोकळी केली’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेतील अथवा गावातील एखादी जुनी स्मरणपाटी शोधा व तिच्यामागील हकीकत वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.