कापशी आणि गव्हाणी घुबड

हुडकेश्वरच्या शिवारांत कापशीस कोणी दगड मारीत नाहीं. गव्हाणी घुबडास मात्र अपशकुनी म्हणून हुसकणारे पुष्कळ. दोघांचें मुख्य भक्ष्य उंदीरच. वांकडी चोंच व तीक्ष्ण नख्या पाहून लिनिअसनें १७५८ सालीं ससाणे व घुबडें एकाच गणांत घातलीं होतीं. आज त्यांचे गण निराळे मानतात, नातें फार दूरचें.

कावळ्याएवढी, लाल डोळ्यांची पांढुरकी कापशी नजरेवर शिकार करते. पिकावर एकाच जागीं पंख फडफडवीत ती टेहळणी करते. घुबडाची मदार कानांवर. त्याच्या कानांचीं छिद्रें समपातळींत नसल्यामुळें किंचित् खसखस कोठून आली हें त्यास पूर्ण अंधारांतही कळतें. पिसांच्या मऊ झालरीमुळें उंदरास चाहूल लागत नाहीं. उंदीर बहुधा रात्रीं हिंडतात, म्हणून आमच्या मतें गव्हाच्या शेतास घुबडच अधिक मोलाचें. खात्री करून घेणें असल्यास त्याच्या बसण्याच्या जागेखालील काळपट गोळ्या पाण्यांत भिजवून सोडवाव्या; आंत उंदरांच्या कवट्या सांपडतात.

कापशीसाठीं शेतांत आडव्या दांडीचे खुंट रोवावे, घुबडासाठीं पोकळ झाड राखावें. विषानें मेलेले उंदीर मात्र त्याच दिवशीं पुरावे; ते खाऊन हे पक्षीही दगावण्याचें भय असतें.