स्कोपमध्ये फक्त केस

अस्वल गुदगुल्या करून मारतं, असं चंद्रपूरकडची माझी आजी सांगायची. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बायांची अस्वलाशी गाठ पडायची, गावातल्या एका म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा त्यापायी गेला होता, तरी गुदगुल्यांची गोष्ट काही बंद पडली नाही. अलास्कात ग्रिझलीने मला पाडलं तेव्हा समोरून कुणी मोटारसायकल अंगावर घातल्यासारखं झालं. मग पाठीवरच्या सॅकचं कापड टरकल्याचा आवाज आला. कापडासोबत खांदाही फाटत होता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं. ३७ टाके पडले.

मी फेअरबँक्सला राहायला आलो त्याला १८ वर्षं झाली. इथे शिकार म्हणजे नुसता शौक नव्हे. शेजारीपाजारी प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये मूस किंवा कॅरिबूचं मांस असतं आणि हिवाळा त्यावर निघतो. मीही शिकलो. मला शिकवलं ते पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या शेजाऱ्याने. त्याला मी मनात ‘काका’च म्हणतो. मूस मारणं घरच्यांच्या गळी उतरवता आलं, कारण ते ताटात येतं. ग्रिझलीच्या शिकारीचं समर्थन आईला मी आजवर करू शकलेलो नाही. “तो तुझं काय खात होता?” या प्रश्नाला उत्तर नाही. मला जायचं होतं, मी गेलो, एवढंच खरं.

ग्रिझली पाहिजे तिथे मारता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत त्याला १९७५पासून संरक्षण आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने ही शिकार २०१७च्या डिसेंबरात बंद केली. अलास्कात अंदाजे ३० हजार तपकिरी अस्वलं आहेत, ग्रिझली त्यांतलाच, म्हणून इथे परवाना मिळतो. पिल्लांना आणि पिल्लांसोबतच्या मादीला हात लावायचा नाही. मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी वन्यजीव खात्याकडे नेऊन त्यावर सील लावून घ्यायचं. पुण्याहून फिरायला आलेला एक मावसभाऊ म्हणाला, “मलाही ने की एकदा.” परदेशी पाहुण्याला परवानाधारक गाइड घेतल्याशिवाय इथे ग्रिझलीवर बंदूक उचलता येत नाही, नातं कितीही जवळचं असो. ते ऐकून तो हिरमुसला. मला मात्र हायसं वाटलं.

सप्टेंबर होता. पॅक्सन ते कँटवेल असा १३५ मैलांचा डेनाली हायवे बहुतेक खडीचाच आहे. त्याच्या उत्तरेला एका उतारावर काका आणि मी दोन दिवस दुर्बिणी लावून बसलो होतो. या दिवसांत अस्वलाला हिवाळी झोपेआधीची भूक लागलेली असते. दिवसातले बहुतेक तास ते खात असतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या उतारावर ब्लूबेरीत तोंड खुपसलेला एक नर दिसला. खांद्यावर उंचवटा, ताटलीसारखा आत दबलेला चेहरा. वारा तोंडावर घेत आम्ही १९० यार्डांपर्यंत गेलो. उजेड उतरत होता. काका कुजबुजला, “उद्या.” मी म्हणालो, “उद्या तो इथे थांबणार आहे का?” आणि चाप ओढला.

अस्वल खाली बसलं, उठलं आणि विलोच्या झुडपांत शिरलं. गोळी थोडी मागे लागली हे आवाजावरूनच काकाला कळलं होतं. तो मला काही बोलला नाही. रात्रभर तंबूत आम्ही दोघंही जागेच होतो.

गोळी कुठे गेली याची खात्री नसेल आणि समोर संध्याकाळ असेल, तर झाडूच नका. तरीही झाडली, तर तिथेच बोल्ट ओढून नवी गोळी भरा, मग पुढचं. शोधप्रवासी मेरिवेदर ल्यूईसची गोष्ट इथले लोक हटकून सांगतात. १४ जून १८०५ला मिसुरीच्या धबधब्यांपाशी त्याने एक बायसन मारला आणि तो पडायची वाट बघत उभा राहिला. बंदूक पुन्हा भरायची राहिली. वळून पाहतो तर अस्वल वीस पावलांवर. तो नदीत उतरला आणि हातातल्या भाल्यासारख्या काठीच्या भरवशावर उभा राहिला. अस्वलालाच काही सुचलं आणि ते परत फिरलं, म्हणून वाचला. त्या वेळी एकबारी बंदूक होती, त्याला क्षमा आहे. आपल्याला नाही.

जखमी अस्वल झाडीत शिरलं की थांबायचं. रक्त गेल्यावर ते बसेल, बहुधा तिथेच मरेल. मग लख्ख उजेडात दोघांनी जायचं. एकाने खाली माग बघायचा आणि दुसऱ्याने फक्त पुढे बघायचं. हे मला पाठ होतं. सकाळी तासाभरात रक्ताचे थेंब मिळाले, पाच-सहा ठिकाणी, ठळक. आणि आपण चुकलो नव्हतो हे काकाला दाखवायच्या हौसेने मी एकटाच पुढे झालो. मान खाली, नजर जमिनीवर.

तो नर बारा-तेरा पावलांवर पडून होता. मला आधी वास आला, ओल्या कुत्र्याला येतो तसा. मग जबडा आपटल्याचा आवाज. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरने धावतो, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. ‘वेळ मिळाला नाही’ असं मी म्हणतो तेव्हा त्याचा हिशोब हा आहे. रायफल खांद्याला लागली, पण आदल्या संध्याकाळी लांबच्या नेमासाठी स्कोप नऊपटीवर फिरवलेला होता आणि तो तसाच राहिला होता. त्यात मला ना डोकं दिसलं ना छाती. तपकिरी केस दिसले, एकेक मोजता येईल इतके मोठे. मी त्या केसांवर गोळी झाडली. ती कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

झाडीत शिरण्याआधी स्कोप सर्वांत कमी पटीवर आणा. या लेखातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

आता मिरचीच्या फवाऱ्याबद्दल. तो माझ्याजवळही होता. सॅकमध्ये, जेवणाच्या डब्याखाली. बंदूक असताना याची काय गरज, हा सगळ्या शिकाऱ्यांचा अहंकार, आणि माझा तर नवशिक्याचा, म्हणजे दुप्पट. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी सहकाऱ्यांसोबत अलास्कातल्या घटना गोळा केल्या. २००८च्या त्यांच्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर फवारा मारलेल्या ९२ टक्के प्रसंगांत अस्वल थांबलं. २०१२मध्ये त्यांनीच बंदुकीचे २६९ प्रसंग तपासले. बंदूक चालवली काय नि न चालवली काय, माणसाच्या इजेत फरक पडलेला दिसला नाही. कारण मला आता खांद्याने कळतं. गोळीला नेम लागतो. फवाऱ्याला ढग पुरतो.

फवाऱ्याचा डबा छातीवर किंवा कमरेला, डाव्या हाताने निघेल असा. अस्वल आठ-दहा मीटरवर आलं की किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ते ढगातून धावत येतं. वारा अंगावर असेल तर थोडा आपल्यालाही लागतो, तरी मारायचाच. सरावासाठी बिनमिरचीचे डबे मिळतात, एक फुकट घालवा. आणि कृपा करून तो ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला फासू नका. असे महाभाग आहेत. वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

पडल्यावर मी बरोबर केलं ते एवढंच. पोटावर पालथा, पाय फाकलेले, दोन्ही हात मानेमागे गुंफलेले, सॅक पाठीवर. शाळेत आपण सगळ्यांनीच दोन मित्रांची गोष्ट वाचली आहे. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. ती अर्धीच खरी आहे. ग्रिझली मेलेलं आवडीने खातो, उरलेलं माती-शेवाळाखाली पुरून ठेवतो. त्यामुळे ‘मेल्याला शिवत नाही’ वगैरे काही नाही. सोंग चालतं ते अस्वल बिचकून, पिल्लांसाठी, पुरलेल्या शिकारीसाठी किंवा जखमी होऊन अंगावर आलं असेल तेव्हाच. धोका टळल्याचं त्याला वाटलं की ते सोडतं. सोंगही त्याने पाडल्यानंतरचं. अंगावर येत असताना फवारा. गुपचूप मागे मागे येणारं किंवा रात्री तंबूत शिरणारं अस्वल मात्र भक्ष्य शोधत असतं. तिथे पालथं पडणं म्हणजे पान वाढून देणं. तिथे दगड, चाकू, दात, जे असेल त्याने भांडायचं. आणि झाड? त्या उतारावर सगळ्यात उंच झाड माझ्या कमरेएवढं होतं.

त्याने सॅक आणि खांदा दोन-तीनदा चावला. काकाला गोळी झाडता येईना, कारण खाली मी होतो. मी ओरडलो नाही. शौर्य नव्हे ते, श्वासच नव्हता. मग वजन उतरलं. सगळ्यात अवघड क्षण हाच, कारण उठावंसं वाटतं. उठू नका. पुष्कळ लोक दुसऱ्यांदा चावले जातात ते लवकर डोकं वर काढल्यामुळे. मी तसाच पडून राहिलो. आठ-दहा पावलं गेल्याचं ऐकू आलं आणि मग काकाच्या रायफलचे दोन बार.

काकाने जखमेत कापडाचा बोळा कोंबून वर गुडघा ठेवला. तो गुडघा चाव्यापेक्षा जास्त दुखला. मोबाइलला तिथे रेंज नसते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र काकाच्या खिशात होतं, माझं गाडीत. हेलिकॉप्टर आलं ते त्याच्या खिशामुळे. अस्वलाचं तोंड घाण असतं, त्यामुळे टाक्यांपेक्षा प्रतिजैविकांचे आठवडे लांबले.

इस्पितळातून आलो त्या संध्याकाळी काकाने बोलावलं. गॅरेजच्या फरशीवर कातडं पसरून ठेवलं होतं, मिठात मुरवलेलं. त्याने त्यातलं एक भोक बोटाने दाखवलं, माझ्या पहिल्या गोळीचं. जिथे ती लागायला हवी होती तिथे अंगठा टेकवला आणि पंजा ताणला. करंगळी बरोबर भोकावर आली. एक वीत.

“कॉफी घेणार?” त्याने विचारलं.