निवारा केंद्र आणि स्वयंसेवक : ह्यूस्टन शहराचा अनुभव

चक्रीवादळाची पूर्वसूचना मिळाली आणि सखल भागातील लोक सुरक्षित जागी हलविले गेले, म्हणजे मोठे काम पार पडले, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तितकेच मोठे दुसरे काम त्याच क्षणी सुरू होते. घरदार सोडून आलेली कुटुंबे एखाद्या शाळेत वा सभागृहात उतरली, की त्यांचे अन्नपाणी, आरोग्य आणि ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध या साऱ्यांची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उभा राहतो. शासकीय कर्मचारी संख्येने या कामास पुरे पडत नाहीत. तेथे स्वयंसेवकांची गरज भासते. परंतु केवळ सेवाभाव असून भागत नाही. त्या सेवाभावास निश्चित काम नेमून द्यावे लागते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने २००५ साली घेतलेला अनुभव या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

एका रात्रीत वसलेले गाव

अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोचे आखात या भागांतील तीव्र चक्रीवादळास 'हरिकेन' म्हणतात. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅटरिना' हे वादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले. तेथील न्यू ऑर्लिन्स शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपेक्षा खोल आहे. त्याचे रक्षण करणारे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. ज्यांना आधी बाहेर पडता आले नाही, अशा हजारो लोकांनी 'सुपरडोम' या क्रीडागृहात आसरा घेतला होता. तेथील वीज गेली, छताचा काही भाग उडाला आणि स्वच्छतागृहे निकामी झाली. अखेर या लोकांना शेजारच्या टेक्सास राज्यातील, सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या ह्यूस्टनला हलविण्याचे ठरले.

ह्यूस्टनमध्ये १९६५ साली बांधलेले 'अ‍ॅस्ट्रोडोम' हे प्रचंड छताचे क्रीडागृह होते. ३१ ऑगस्टच्या रात्री तेथे पहिली बसगाडी पोहोचली. पुढील काही दिवसांत त्या आवारातील इमारतींत मिळून सुमारे २५ हजार माणसे राहू लागली. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती होती. टपाल खात्याने तिला स्वतंत्र पिनकोड दिला. स्थानिक वैद्यकीय महाविद्यालय व सार्वजनिक रुग्णालय यांनी आवारातच दवाखाना उभारला. शहरातील अधिवेशन भवनातही हजारो लोकांची सोय करण्यात आली.

मदतीस धावून आलेले नागरिक

या वस्तीची उठाठेव केली ती मुख्यतः सामान्य नागरिकांनी. खाटा मांडणे, जेवण वाढणे, आलेल्या कपड्यांची मापानुसार वर्गवारी करणे, वृद्धांना दवाखान्यात पोहोचविणे, मुलांना खेळविणे, अर्ज भरून देणे अशी शेकडो कामे होती. विविध धर्मसंस्थांनी भोजनसेवेचे दिवस आपसांत वाटून घेतले. ११ सप्टेंबर हा अमेरिकेच्या दृष्टीने हळवा दिवस. त्या दिवशीच्या सेवेचा भार शहरातील मुस्लिम समाजाने उचलला. दिवस आधीच वाटलेले असल्यामुळे पहिल्या दिवशी झुंबड आणि आठव्या दिवशी शुकशुकाट, असा प्रकार टळतो. उत्साह ओसरल्यानंतरही सेवा चालू राहते, ती पाळीपत्रकामुळे.

याद्या अनेक, माणूस एक

या अनुभवातील सर्वांत मोठा धडा मात्र अन्नाचा वा कपड्यांचा नसून नावांचा आहे. पाण्यातून सुटका करताना अनेक कुटुंबांतील माणसे वेगवेगळ्या गाड्यांत बसविली गेली. आई एका शहरात, तर मूल दुसऱ्या राज्यात, असे घडले. अ‍ॅस्ट्रोडोममधील फलक हरवलेल्या आप्तांच्या हस्तलिखित चिठ्ठ्यांनी भरून गेले. बेपत्ता व सापडलेल्या व्यक्तींच्या याद्या तयार झाल्या; परंतु त्या अनेक संस्थांनी स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या पद्धतींनी केल्या होत्या. त्यामुळे एकेका नावासाठी आप्तांना अनेक ठिकाणी शोध घ्यावा लागे. शेवटी संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी या याद्यांतील नोंदी एकत्र करण्याचे किचकट काम अंगावर घेतले.

कॅटरिना व त्यापाठोपाठ सप्टेंबरमध्ये आलेले 'रीटा' या दोन वादळांत ताटातूट झालेल्या वा बेपत्ता मुलांची ५,१९२ प्रकरणे नोंदली गेली. त्यांतील शेवटच्या मुलाची आपल्या माणसांशी भेट होण्यास मार्च २००६ उजाडला. साधनसंपन्न देशातही एका साध्या, एकसारख्या नोंदवहीच्या अभावी केवढी किंमत मोजावी लागते, हे यावरून ध्यानी येईल.

आरोग्य आणि प्रतिष्ठा

गर्दीच्या निवाऱ्यात रोगही झपाट्याने फैलावतो. २ ते १२ सप्टेंबर या काळात दवाखान्यात आलेल्या सुमारे साडेसहा हजार लोकांपैकी १,१६९ जणांना जुलाब-उलट्यांचा त्रास होता. 'नोरोव्हायरस' हा विषाणू त्यास कारणीभूत असल्याचे तपासणीत आढळले. मदत करणाऱ्यांनाही लागण झाली. रुग्णांना वेगळे ठेवणे आणि हात धुण्याची सोय वाढविणे हेच यावरचे मुख्य उपाय होते.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. पाळीव प्राण्यांना सोबत नेता येत नाही, म्हणून अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला होता. पुढे २००६ साली अमेरिकेत कायदा करून स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार अनिवार्य करण्यात आला. गोठ्यातील गुरे सोडून शेतकरी का हलत नाही, हे आपल्याकडील सरपंचांना निराळे सांगावयास नको.

आपल्याकडील पूर्वतयारी

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्यावेळी करोनाची साथ चालू असताना किनाऱ्यावरील हजारो लोकांना शाळांत व अन्य पक्क्या इमारतींत हलवावे लागले. वादळानंतर अनेक गावांत वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद होते. म्हणजेच केवळ भ्रमणध्वनीवर विसंबून असलेली यादी ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकते. नोंद कागदावर आणि दोन प्रतींत असणे अगत्याचे आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. 'आपदा मित्र' योजनेखाली स्वयंसेवकांना प्रशिक्षणही दिले गेले आहे. गावपातळीवर त्यास पुढील तयारीची जोड देता येईल.

१. जागेचा हिशेब : आंतरराष्ट्रीय 'स्फिअर' मानकांनुसार निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा आणि दररोज १५ लिटर पाणी असावे. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब वर्गखोलीत या हिशेबाने १३ माणसे राहू शकतात. दोनशे लोकांसाठी अशा १६ खोल्या आणि दररोज तीन हजार लिटर पाणी लागेल. आरंभी पन्नास माणसांमागे एक व पुढे वीस माणसांमागे एक शौचकूप हवा. हा हिशेब शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावा.

२. नोंदणी : दारातच प्रत्येकाचे नाव, वय, गाव, सोबतची माणसे, नेहमीची औषधे आणि जाण्याचे ठिकाण लिहून घ्यावे. एकट्या आलेल्या मुलाची नोंद स्वतंत्रपणे करावी. ओळखीची खातरजमा झाल्याशिवाय मूल कोणाच्याही स्वाधीन करू नये. या कामासाठी सुवाच्य अक्षराचे दोन स्वयंसेवक आधीच नेमावेत.

३. कामाची वाटणी : प्रत्येक स्वयंसेवकास एक काम, एक वेळ आणि एक प्रमुख असावा. काम नसलेल्या स्वयंसेवकामुळे निवाऱ्यातील गर्दीच वाढते.

४. आश्रितांचा सहभाग : निवाऱ्यात आलेली माणसे असहाय नसतात. त्यांच्यात परिचारिका, आचारी, सुतार, शिक्षिका असतात. त्यांना विचारून काम दिल्यास भार हलका होतो आणि त्यांचे मनही सावरते.

५. गुरांची सोय : उंचावरील एखादे आवार गुरांसाठी आधीच निश्चित करावे.

अ‍ॅस्ट्रोडोममधील वस्ती तीन आठवड्यांच्या आत रिकामी झाली. लोक भाड्याच्या घरांत, नातलगांकडे वा अन्य शहरांत गेले. निवाऱ्याची खरी कसोटी हीच असते. तेथे किती काळ राहता आले यापेक्षा तेथून प्रत्येक जण आपल्या माणसांसह बाहेर पडला किंवा नाही, हे महत्त्वाचे. वादळ अडविणे कोणाच्याच हाती नाही. परंतु निवाऱ्याच्या दारात एक टेबल, एक नोंदवही आणि एक शांत चित्ताचा स्वयंसेवक सज्ज ठेवणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती आहे. त्या वहीतील एक नीट लिहिलेली ओळ एखाद्या आईला तिचे मूल परत मिळवून देऊ शकते.