परसातील खुराड्याची जमीन : एक आर्थिक निर्णय

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातील होते. त्यांच्यासाठी खुराडे बांधताना छपराचा विचार होतो, जमिनीचा क्वचितच. वास्तविक मरतुकीचे नुकसान बरेचदा तेथूनच सुरू होते. विष्ठेतून पडलेली रक्ती हगवणीच्या आदिजीवांची बीजे ओल व ऊब मिळताच संसर्गक्षम होतात. अमोनियाही ओल्या गादीतूनच सुटतो.

कोरड्या प्रदेशात भोवतालपेक्षा वीतभर उंच, चोपलेल्या मुरमाची जमीन आणि तीवर पाच ते सात सेंटिमीटर भाताचे तूस पुरेसे ठरते. तूस वारंवार खालीवर करावे, ओला भाग काढावा. सिमेंटचा कोबा घुशींना रोखतो, धुताही येतो. परंतु दहा-बारा पक्ष्यांच्या उत्पन्नातून हा स्थिर खर्च लवकर वसूल होत नाही, आणि तुसाचा आवर्ती खर्चही टळत नाही. विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. अनुदानासाठी सर्वत्र कोब्याचाच आग्रह धरणे मला म्हणूनच अयोग्य वाटते.

ईशान्येकडील अतिपावसाच्या भागांत खांबांवर उचललेली बांबूपट्ट्यांची जमीन अधिक सोयीची. विष्ठा फटींतून खाली पडते व परसबागेला खत मिळते. फटी मात्र पक्ष्यांचे पाय अडकणार नाहीत इतक्याच अरुंद हव्यात. लहान पिलांसाठी वर पोते अंथरावे.