पोटाखालची स्टेपनी

ज्यांच्या गाडीची स्टेपनी डिकीत किंवा मागच्या दारावर असते, त्यांनी हे वाचले नाही तरी चालेल. इनोव्हा, एर्टिगा, जुनी स्कॉर्पिओ अशा गाड्यांत स्टेपनी मागच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. अशी गाडी दारात असेल आणि तिची स्टेपनी आजवर कधी खाली उतरवली नसेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठीच आहे.

चाक खाली टांगण्याचे कारण सरळ आहे. तिसऱ्या रांगेत माणसे बसवायची, त्यांच्या मागे बॅगा ठेवायच्या, तर पंधरा-वीस किलोचे चाक आत कुठे ठेवणार? सीएनजीची गाडी असेल तर डिकी टाकीनेच अडवलेली. म्हणून चाक खाली जाते. डिकीच्या कडेला किंवा बंपरजवळ एका छोट्या झाकणाखाली भोक असते. गाडीबरोबर मिळालेला लांब दांडा त्यात घालून फिरवला की आतली चरखी सुटते आणि साखळीला किंवा तारेच्या दोरीला लटकलेले चाक खाली येते. चाकाच्या मधल्या भोकात एक लोखंडी चकती अडकवलेली असते. ती तिरकी करून वर ओढून काढली की चाक मोकळे. पुस्तिकेतली चित्रे पाहिली तर पोरासोराचे काम वाटावे.

आमच्यावर प्रसंग आला तो इंदूर-धुळे रस्त्यावर, ठिकरी मागे टाकून जुलवान्याच्या अलीकडे. पावसाळी संध्याकाळ, गाडी मी चालवत होते, सोबत आई, वहिनी आणि भाचा. मागचे डावे चाक बसले. ट्यूबलेस टायरला खिळा लागला असता तर रबराची वात घालून भागले असते. पण कशाने तरी टायरची बाजूची भिंतच फाटली होती, आणि तिथे वात चालत नाही. म्हणजे चाकच बदलायला हवे.

दांडा आणि जॅक डिकीत, सामानाखाली. लग्नाचे सामान, त्यामुळे साड्यांच्या बॅगा, लाडवांचे डबे, आहेराची भांडी सगळे रस्त्याच्या कडेला ओल्या गवतावर मांडले. भाच्याने दांडा घालून फिरवायला सुरुवात केली. दोरी सैल होत असल्याचे जाणवत होते, चाक मात्र जागचे हलेना. त्या पावसाळ्यात गाडीच्या सांवेरकडच्या शेतावर बऱ्याच खेपा झाल्या होत्या. माळव्याची काळी माती ओली असताना जितकी चिकट, वाळल्यावर तितकीच घट्ट. तिने चाक आणि चकती गाडीच्या तळाला चिकटवून टाकली होती. इंदूर 2017पासून सलग अनेक वर्षे देशात स्वच्छतेत पहिले आले, पण गाडीच्या पोटाखाली काही कचरागाडी फिरत नाही.

पान्याने ठोकून ठोकून चाक सुटले, आणि धप्पकन अर्धवट खाली येऊन अडकले. मागचे टायर बसल्यामुळे गाडीची मागची बाजू इतकी खाली आली होती, की जमीन आणि बंपर यांच्यामधून चाक बाहेर निघायला जागाच नव्हती. ढाब्याकडे वळणारा एक ट्रकवाला आमची ओढाताण बघून थांबला. आला, वाकून बघितले आणि म्हणाला, "दीदी, पहले जैक लगाओ, स्टेपनी बाद में." जॅक लावून गाडी उचलल्यावर चाक सहज ओढून निघाले. एवढे करून ते गाडीला चढवले, तर त्यात हवा निम्मीच. पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी गोगलगाईच्या चालीने न्यावी लागली.

सर्व्हिसिंगला गाडी वेळच्या वेळी जात होती. ज्या वर्कशॉपमध्ये जात होती, तिथे चारही चाकांची हवा बघत. पाचवे कुणी उतरवत नसे. यात नवल नाही. दिसत नाही ते तपासले जात नाही. त्यामुळे गाडी देतानाच कामाच्या कागदावर "स्टेपनी उतरवून हवा तपासणे, चरखीला ग्रीस" असे लिहून घ्यावे आणि गाडी घेताना ते झाले का, हे विचारावे.

त्यानंतर आम्ही घरी जे करू लागलो ते सांगते. पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. आपल्याला लागणारी परीक्षा मात्र आपल्याच अंगणात होते. पावसाळ्यानंतर एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एकदा स्टेपनी पूर्ण खाली उतरवायची. आणि रिकाम्या गाडीत नव्हे, तर डिकी सामानाने भरून आणि मागच्या एका चाकातली हवा काढून. चारही चाके फुगलेली, डिकी मोकळी, दुपारचा उजेड, अशा वेळी कुणालाही स्टेपनी निघते. त्या सरावाचा रस्त्यावर उपयोग नाही. या तालमीतच कळते, की दांडा सामानाखाली ठेवणे चुकीचे आहे. आमचा दांडा, जॅक आणि पाना आता चालकाच्या सीटमागे कापडी पिशवीत असतो. पिशवीत जॅकखाली ठेवायला लाकडी फळीचा तुकडा, एक टॉर्च, जुन्या फ्लेक्स बॅनरचा तुकडा आणि पुढे आकडा असलेली लोखंडी सळई असते. फ्लेक्स चाकाखाली पसरला की चाक खडीवरूनही घसरत बाहेर येते. सळईने ओढले तर गाडीखाली डोके घालावे लागत नाही.

क्रम ट्रकवाल्याने सांगितला तोच. मागचे चाक बसले असेल तर आधी सपाट, घट्ट जमिनीवर हँडब्रेक ओढून पुढच्या चाकाला दगड लावायचा, जॅकने गाडी उचलायची, मग मागे उभे राहून चरखी फिरवायची. बाहेर आलेले चाक जॅकच्या शेजारी गाडीखाली आडवे सरकवून ठेवायचे. जॅक निसटलाच, तर गाडी त्या चाकावर टेकते.

चरखीला ग्रीस लावताना आधी माती ब्रशने काढून, गंज सोडवणारा स्प्रे मारून, साखळी किंवा दोरी पूर्ण बाहेर काढून पुसावी. दोरीची एखादी तार तुटलेली दिसली तर दोरी बदलावी. तुटक्या दोरीवरचे चाक महामार्गावर सुटले तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जाऊ शकतो. गाडी धुणाऱ्या सेंटरवर खालून जोराच्या पाण्याचा मारा झाला की ग्रीस धुऊन निघते, तेव्हा ते पुन्हा लावावे. पंक्चरच्या दुकानातला पोरगा हवेच्या गनने चरखी फिरवायला लागला तर त्याला थांबवावे. त्या झटक्याने आतले दाते मोडतात. चाक परत वर घेताना चकती मधल्या भोकात सरळ बसली आहे ना हे पाहावे, हाताने घट्ट आवळावे आणि मग चाकाला लाथ मारून पाहावी. हलले, तर पुन्हा खाली घ्यावे. रिकामी दोरीही लोंबकळती ठेवू नये, वर गुंडाळून घ्यावी.

हवेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चाक खाली न उतरवता हवा भरता आली तर लोक ती भरतील. चाकाचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असेल तर पंपाची नळी पोचत नाही. ट्रकच्या जोडचाकांत आतल्या टायरला हवा भरण्यासाठी व्हॉल्व्हला लांब नळी जोडतात. तशी नळी ट्रकच्या टायरच्या दुकानात मिळते. ती जोडून तोंड बंपरजवळ पट्टीने बांधले की काम झाले. नळी गळत नाही ना, हे साबणाच्या पाण्याने एकदा बघावे. दाब पूर्ण सामानासाठी पुस्तिकेत दिलेला ठेवावा, कारण स्टेपनी लागते तेव्हा गाडी भरलेलीच असते. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण रबर जुने होतच असते.

पुष्कळ जण चाक मागच्या दारावर बसवून घेण्याचा सल्ला देतात. माझे मत साफ विरोधात आहे. ज्या दाराच्या बिजागऱ्या त्या वजनासाठी बनवलेल्या नाहीत, त्यावर वेल्डिंग करून चाक टांगले की दार लोंबते, नंबर प्लेट झाकली जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली मूळ रचना बदलल्याचा प्रश्न उभा राहतो. छतावर चाक ठेवले तर वळणावर गाडी डोलते, आणि अंधारात ते उतरवायला दोन धडधाकट माणसे लागतात. 2020पासून ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला स्टेपनीशिवाय चालण्याची मुभा आहे, म्हणून चाकच घरी ठेवणारेही मी पाहिले आहेत. फाटलेल्या भिंतीपुढे तो संच काहीच करू शकत नाही.

एवढे करूनही एखादे वेळी चाक खाली येणारच नाही. मग गाडी कडेला, इंडिकेटर चालू, मागे लांब त्रिकोण, माणसे रस्त्यापासून दूर, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर फोन. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नका.