भट्टीला दोष देण्याआधी

लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही, तेव्हा पहिली शस्त्रक्रिया झाली ती माझ्या बायकोच्या पोटावर. माझं साधं वीर्यसुद्धा तोवर कुणी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी एकदा विषय काढला होता. मीच म्हणालो, "मला काय धाड भरलीय?" ते वाक्य मला अजून टोचतं. माझ्यासारखं बोलणारे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. सतराव्या वर्षी मी दाजींच्या हाताखाली चेन्नईच्या सौकारपेटेत आलो. मिंट स्ट्रीटच्या एका बोळात आमची खोली. सोनं वितळायला 1064 अंश लागतात. त्या भट्टीपुढं दिवसाचे नऊ-दहा तास, वर चेन्नईचा मे महिना. सोन्याच्या कामात तेजाबाचा तांबूस धूर, चांदीच्या कामात शिसं. वरच्या मजल्यावरची तमिळ आजी बायकोला जिन्यात दिसली की विचारायची, "एदावदु विशेषमा?" विशेष म्हणजे दिवस गेलेत का. बायकोला बाकीचं तमिळ यायच्या आधी हे दोन शब्द कळायला लागले.

तिनं वर्षभर गोळ्या खाल्ल्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे काढून घेतला, मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. सगळं ठीक निघालं. त्यानंतर कुठं मी नमुना दिला. मिलिलिटरमागे 18 लाख शुक्राणू. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा 1 कोटी 60 लाखांची आहे. महिन्यानं पुन्हा नमुना दिला, तोही तसाच.

इथं माझी दुसरी चूक झाली. घरच्यांनी आणि धंद्यातल्या सगळ्यांनी भट्टीला दोष दिला, आणि तो मला लगेच पटला. भट्टीचा दोष म्हणजे माझा नाही ना! त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. वृषणं शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावी लागतात, म्हणूनच ती बाहेर असतात. शिशानं शुक्राणू बिघडतात हेही सिद्ध झालेलं आहे. तेव्हा गलाईच्या कामातल्या पोरांनी धुराला बाहेर जायची वाट ठेवावी, हातमोजे घालावेत, दर तासाला भट्टीपुढून उठावं, हे माझं आजही सांगणं आहे. पण मी भट्टी भाच्याकडं सोपवून सात महिने नुसता गल्ल्यावर बसलो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढं बाहेर येईपर्यंत आणखी थोडे. म्हणजे फरक पडायचा असता तर तीन-चार महिन्यांत दिसायला हवा होता. 18 लाखांचे 21 लाख झाले, एवढंच.

मग व्यायामशाळेतल्या ओळखीच्या एकानं ताकदीची इंजेक्शनं सुचवली. मी घेतली. तीन महिन्यांनी अहवालात शून्य आलं. ते टेस्टोस्टेरॉन होतं. पुरुषाचं संप्रेरक आहे तर पुरुषपण वाढेल, असा माझा हिशेब. शरीराचा हिशेब वेगळा असतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला वाटतं की माल भरपूर आहे, आणि ती वृषणांना हुकूम देणं थांबवते. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं. ते आतलं आटलं की कारखाना बंद. ज्याला मूल हवंय त्यानं हे इंजेक्शन अंगाला लावून घेऊ नये, मग सांगणारा कुणीही असो. माझे थोडेफार शुक्राणू परत यायला दहा महिने गेले. सगळ्यांचे परत येतातच असं नाही.

शेवटी ज्या पुरुषरोगतज्ज्ञाकडं गेलो, त्यानं औषध लिहिलंच नाही. आधी रक्त मागितलं. "पन्नास लाखांच्या खाली आकडा असला की मी आधी गुणसूत्रं बघतो," म्हणाला. तपासण्या दोन. पहिलीत गुणसूत्रांची मोजदाद आणि मांडणी पाहतात. साधारण सहाशे-सातशे पुरुषांत एकाला एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं, आणि बऱ्याच जणांना ते मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच कळतं. दुसरीत वाय गुणसूत्राचा एझेडएफ नावाचा भाग शाबूत आहे का ते पाहतात. माझी पहिली तपासणी स्वच्छ आली. दुसरीत एझेडएफ-सी हा तुकडा गायब होता.

त्या तुकड्याची गोष्ट मला त्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी अर्धा तास बसवून सांगितली. 1976 साली टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी 1170 पुरुषांची गुणसूत्रं पाहिली. त्यात वीर्यात शुक्राणूच नसलेले सहा जण असे सापडले की ज्यांच्या वाय गुणसूत्राचा शेवट तुटलेला होता. शुक्राणू घडवणारं काहीतरी तिथं आहे, हा अंदाज तेव्हा बांधला गेला. पुढं त्या जागेचे ए, बी, सी असे तीन भाग पडले. आपल्याकडं हैदराबादच्या सीसीएमबीत डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राणू नसलेल्या 340 भारतीय पुरुषांची तपासणी केली, त्यात 29 जणांत वायचा तुकडा गळालेला आढळला. हे 2003 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे मी औषधाच्या दुकानांतून पुड्या आणत हिंडत होतो, त्याच्या कितीतरी आधीपासून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर याचं उत्तर माहीत होतं.

तुकडा गळतो कसा, हे मला सगळ्यात पटलं. शाळेत आपण 'चिमा काय कामाची' म्हणायचो ना, उलटसुलट सारखंच! वाय गुणसूत्रात असे उलटसुलट वाचता येणारे प्रचंड लांब पट्टे आहेत, आणि त्यांत हुबेहूब सारखे भाग पुन्हा पुन्हा येतात. नक्कल उतरवताना एका भागाची गाठ दुसऱ्या तसल्याच भागाशी पडली की मधला मजकूर सुटून जातो. एझेडएफ-सीमध्ये असा सुमारे 35 लाख अक्षरांचा मजकूर जातो. आणि हे बहुतेक वेळा नव्यानंच घडतं, बापाच्या शुक्राणूत, बाप स्वतः धडधाकट असताना.

हे मी त्याच रात्री गावी आईला फोनवर सांगितलं. रेणावीच्या रेवणसिद्धाला किती नवस बोलली होती ती! आपल्या घराण्यात कुणाचा तरी शाप आहे, असं तिनं मनाशी धरलेलं. "म्हंजी तुझ्या बापाचं काय चुकलं न्हाई?" एवढंच विचारलं तिनं. नाही म्हटल्यावर बराच वेळ रडली.

बायकोनं अहवाल हातात घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "अहो, मग माझ्या पोटावरची ती तीन भोकं कशासाठी होती?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. दागिन्याचा टंच काढल्याशिवाय मी कधी कुणाचं सोनं घेतलं नाही. स्वतःच्या रक्ताची काही हजारांची तपासणी करायला मला सहा वर्षं लागली.

कोणता तुकडा गेलाय यावर पुढचं सगळं ठरतं. ए किंवा बी हा भाग पूर्ण गेला असेल, तर वृषण उघडून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया जवळपास वायाच जाते. ती सुचवली गेली, तर आधी हा अहवाल मागा. सी गेला असेल, तर वीर्यात थोडे शुक्राणू असू शकतात, आणि नसले तरी अशा सुमारे निम्म्या पुरुषांत शस्त्रक्रियेनं मिळतात. पण हा साठा वयाबरोबर आटत जाऊ शकतो, म्हणून सापडतील तेव्हाच गोठवून ठेवायचे. माझ्या तीन कुप्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेल्या. वीर्यवाहिनीच नसलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथं सीएफटीआर नावाचं जनुक नवराबायको दोघांचंही तपासावं लागतं, नाहीतर मुलाला फुप्फुसाचा गंभीर आजार होण्याची भीती असते.

याच काळात एका प्रयोगशाळेचा माणूस चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला. शुक्राणूंची 'एपिजेनेटिक' तपासणी, किंमत गुणसूत्रांच्या तपासणीच्या कितीतरी पट. शब्द मोठा होता, म्हणून मी समुपदेशक बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या हॉलमार्कसारखं समजा. सोनं तेच, वर शिक्का काय मारलाय त्यावर बाजारातला व्यवहार ठरतो. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण त्यांवरच्या रासायनिक खुणांनी कोणतं जनुक बोलायचं नि कोणतं गप्प बसायचं ते ठरतं. शुक्राणू घडताना जुन्या खुणा पुसून बापाच्या नव्या मारल्या जातात, आणि डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, ज्यांच्या बायकांचे वारंवार गर्भपात झाले अशा पुरुषांच्या शुक्राणूंत या खुणा तपासल्या गेल्या, आणि काहींत एच-19 नावाच्या जागेवर त्या कमी भरल्या. संख्या, हालचाल ठीक असूनही! मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. मूल न टिकण्याचा सगळा बोल बाईवर लावणाऱ्यांनी तर ते जरूर ऐकावं. पण त्या खुणा बिघडल्या तर उपचार कोणता, याचं नेमकं उत्तर अजून दवाखान्यापर्यंत आलेलं नाही. ज्या अहवालानं पुढचा निर्णय बदलत नाही, त्याला मी पैसे दिले नाहीत. माझ्या हातात होतं तेवढं मात्र केलं, तंबाखू त्या दिवशी सोडली.

पुढं इक्सी केलं. एका स्त्रीबीजात सुईनं एकच शुक्राणू सोडायचा, ही पद्धत 1992 साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी यशस्वी केली. तिची दुसरी बाजू बाईंनी सही घेण्याआधीच सांगितली. निसर्गानं अडवलेला शुक्राणू आपण हातानं आत सोडतो, म्हणून मुलगा झाला तर माझं तुटकं वाय त्याला जाणारच. मुलीला वाय जात नाही. पण मुलगीच हवी म्हणून गर्भ निवडायला आपल्या कायद्यात मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही दोघं मरिनाच्या वाळूत रात्री उशिरापर्यंत यावर बोललो. बायको म्हणाली, "मूल होणार नाही एवढंच ना? तुम्ही जगलातच की."

पहिला प्रयत्न वाया गेला. दुसऱ्यात मुलगा झाला. आता तो तीन वर्षांचा आहे, तमिळ आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो. माझा वायचा अहवाल मी तिजोरीत ठेवलाय, आणि पाकिटावर त्याचं नाव घातलंय. तो अठरा वर्षांचा झाला की त्याच्या हातात ते पाकीट द्यायचं, आणि त्याची तयारी असली तर त्याच आठवड्यात नमुना गोठवायला घेऊन जायचं, असं आम्ही ठरवलंय. मी तेव्हा नसलो तर काय सांगायचं ते बायकोला तोंडपाठ आहे.