एकच प्रत, अनेक हात

म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात १९०५ च्या सुमारास तंजावर भागातील एका पंडिताने ताडपत्रावरील एक हस्तलिखित आणून दिले. ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ते अभ्यासले आणि शतकानुशतके केवळ नावाने परिचित असलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ पुन्हा जगासमोर आले. १९०९ मध्ये म्हैसूर येथे त्याची संस्कृत संहिता छापली गेली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे इतर ठिकाणीही त्याच ग्रंथाची हस्तलिखिते सापडली. त्यांतील पाठ ठिकठिकाणी भिन्न होते. ही सारी सामग्री पडताळून रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रकाशित केली. स्वीकारलेला पाठ वर आणि भिन्न पाठांची नोंद तळटीपेत, ही अशा आवृत्तीची शिस्त असते.

एकाच मजकुरावर अनेक हात फिरले की प्रती वाढतात, प्रती वाढल्या की भेद वाढतात आणि मग खरी प्रत कोणती, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न केवळ पोथ्यांचा नाही. गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल चिटणीस लिहितात, खजिनदार त्यात आकडे भरतात, अध्यक्ष दुरुस्त्या सुचवतात. ई-मेलने फिरणाऱ्या त्या अहवालाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ आणि ‘नक्की अंतिम’ अशा प्रती तयार होतात. सभेत वाचली जाते ती नेमकी जुन्या आकड्यांची! ही अडचण दूर करण्यासाठी सामायिक लेखनाची ऑनलाइन साधने उपयोगी पडतात.

साधनांचे स्वरूप

२००५ मध्ये ‘रायटली’ नावाची एक सेवा सुरू झाली. पुढील वर्षी गूगलने ती विकत घेतली आणि त्यातूनच ‘गूगल डॉक्स’ आकारास आले. भारतीय कंपनी झोहोचे ‘रायटर’ हेही २००५ चेच. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येही आता अशी सोय आहे. या सर्वांचे तत्त्व एकच : दस्तऐवज प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्रपणे न राहता मध्यवर्ती संगणकावर एकाच ठिकाणी राहतो आणि अधिकार दिलेल्या व्यक्ती आपापल्या जागेवरून तो उघडतात.

दोघांनी एकाच क्षणी लिहिले तर गोंधळ होत नाही का? मध्यवर्ती संगणकाकडे संपूर्ण पान पाठवले जात नाही. ‘अमुक जागी हे अक्षर घाला’ अशा छोट्या सूचना जातात. एकाने आरंभी दहा अक्षरे घातली, तर दुसऱ्याच्या सूचनेतील जागा आपोआप दहाने पुढे सरकवली जाते. या पद्धतीचा पाया एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये घातला. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसण्याचा संभव असतो.

अधिकारांची विभागणी

बँकेत व्यवहाराची नोंद करणारा वेगळा आणि ती तपासून मंजूर करणारा वेगळा असतो. हेच सूत्र येथेही लागू पडते. ‘शेअर’ हे बटण दाबल्यावर गूगल डॉक्समध्ये तीन प्रकारचे अधिकार देता येतात. ‘व्ह्यूअर’ला केवळ वाचता येते, ‘कॉमेंटर’ला अभिप्राय देता येतो आणि ‘एडिटर’ला प्रत्यक्ष बदल करता येतो. वरील उदाहरणात चिटणीस व खजिनदार यांना संपादनाचा अधिकार द्यावा, अध्यक्षांना अभिप्रायाचा आणि इतर सभासदांना वाचनाचा. दुसऱ्याच्या मजकुरात बदल करावयाचा झाल्यास ‘सजेस्टिंग’ ही पद्धत निवडावी. त्यामुळे मूळ शब्द पुसला न जाता दुरुस्ती सूचनेच्या रूपात दिसते आणि ती स्वीकारणे किंवा नाकारणे जबाबदार व्यक्तीच्या हाती राहते.

‘व्हर्जन हिस्टरी’ ही तर या साधनांची खतावणीच होय. कोणी, केव्हा आणि कोणता बदल केला, हे तेथे पाहता येते. चुकून परिच्छेद नाहीसा झाला, तर पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपा जे कार्य करतात, तेच कार्य ही नोंद करते.

दक्षता कोणती घ्यावी?

सोय जितकी मोठी, तितकी जोखीमही मोठी. ‘एनीवन विथ द लिंक’ हा पर्याय निवडल्यास ती लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला दस्तऐवज उघडता येतो. सभासदांचे खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक किंवा आधारपत्राच्या प्रती असलेला दस्तऐवज ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून केवळ नावानिशी व्यक्तींनाच द्यावा. पासवर्ड, पिन आणि ओटीपी तर कोणत्याही दस्तऐवजात लिहूच नयेत. काम संपताच दिलेले अधिकार काढून घ्यावेत. संस्थेचा दस्तऐवज कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर असू नये. पदाधिकारी बदलले म्हणजे दप्तरही त्यांच्याबरोबर जाते. बँक कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन मजकुरासाठी बँकेने मान्य केलेली प्रणालीच वापरावी, हे सांगणे नलगे. अंतिम झालेल्या अहवालाची पीडीएफ प्रत दिनांकासह स्वतंत्रपणे जतन करावी.

यंत्र जे करू शकत नाही

म्हैसूरला सापडलेल्या त्या ग्रंथातच राजशासने लिहिण्याविषयी एक प्रकरण आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टता हे लेखनाचे सहा गुण कौटिल्याने तेथे सांगितले आहेत. दोषांमध्ये त्याने व्याघात म्हणजे मागचे-पुढचे विसंगत असणे, पुनरुक्ती आणि अशुद्ध शब्द यांची गणना केली आहे. अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात नेमके हेच दोष अधिक आढळतात. पहिल्या पानावर शिल्लक एक आणि चौथ्या पानावर दुसरी, हा व्याघातच होय. दोन्ही आकडे कोणी लिहिले, हे यंत्र दाखवू शकते. त्यांतील खरा कोणता, हे हिशेबाच्या वह्या पाहूनच ठरवावे लागते.

म्हणून लिहिणारे हात कितीही असोत, आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचून मान्यता देणारी व्यक्ती एकच असावी आणि ती कोण, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. शामशास्त्रींच्या संहितेपासून कंगल्यांच्या आवृत्तीपर्यंत अर्धशतक लोटले. आज दूरवरच्या सहकाऱ्याची दुरुस्ती क्षणात समोर येते. ती पारखून घेण्याचे उत्तरदायित्व मात्र माणसावरच आहे.